पाठमोऱ्या

तबेल्यामागे चार वाजताच अंधार पडतो.
सारेमा बेटावरचा नोव्हेंबर: समुद्र दिसत नाही,
नुसता वास येतो त्याचा, घोड्यांच्या कांबळ्यांना.
मी रिंगणातली वाळू दाताळ्यानं सारखी करतो.
गोठू नये म्हणून तिच्यात मीठ घातलंय;
बुटाच्या चिरेतून शिरून ते बोटांना झोंबतं.

भिंतीवर अक्षरं आहेत: ए, के, ई, एच...
हा क्रम कुणी लावला, हेल्वेबाईंनाही ठाऊक नाही.
"घोड्यांना वाचता येत नाही, हे एक बरं," म्हणतात
आणि लगेच उदूकडे बघतात,
शंका आल्यासारख्या.

उदू म्हणजे इथल्या भाषेत धुकं.
रंगानं तशीच. बावीस वर्षांची घोडी,
खालचा ओठ लोंबता, डावा कान जरा फाटका.
चारशे माणसं तिच्या पाठीवर शिकून गेली असतील;
तिनं एकालाही पाडलं नाही
आणि एकाचंही ऐकलं नाही.
ती ऐकते ते हेल्वेबाईंचं.

बाई मधोमध उभ्या राहून "दुडकी" म्हणायच्या,
की स्वारानं टाच लावायच्या आत ही दुडकत निघे.
स्वाराला वाटे, आपल्याला आलं.
घरी जाऊन सांगतही असेल.

मग बाईंनी आकडे ठरवले. दोन म्हणजे दुडकी, तीन म्हणजे धाव.
आकडे उदूनं आठवड्यात पाठ केले.
मग फिनिश शब्द काढले. उदूला फिनिश आलं.
मग नुसतं बोट. ते तर तिला सगळ्यांत आधी कळलं.
शेवटी बोलण्याआधी माणूस घेतो तेवढाच श्वास
बाईंनी घेतला, तरी
तिचा कान वळलेला असायचा.

आर्दो गुरुवारी येतो. फेरीबोटीवर दोर बांधणारा,
आख्खी बोट धक्क्याला ओढून घेतील असे हात.
लगामही तसाच धरतो.
"अहो, तोंड आहे ते," बाई सांगतात. "आत जीभ आहे."
पन्नाशी आली, आता घोडा कशाला, मी विचारलं होतं.
म्हणाला, "बोटीवर सगळं कुणीतरी ओरडून सांगतं."
एवढंच.
मांड पक्की नाही त्याची. खोगिरावर बसतो
बाकावर बसल्यासारखा, पुढचा धक्का यायची वाट बघत.

या गुरुवारी बाई बोलल्याच नाहीत.
लगामाला गाठ मारून मानेवर टाकायला लावला,
रिकिबी काढून माझ्या हातात दिल्या
आणि 'ए'च्या खाली भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या,
हात कोटाच्या खिशात.

उदूला गोंधळलेली मी पहिल्यांदाच पाहिली.
एक कान बाईंच्या पाठीवर,
दुसरा कुठं ठेवावा तिला कळेना.
छपराचा पत्रा वाऱ्यानं खडखडला.
"आता?" आर्दो म्हणाला.
पाठीनं उत्तर दिलं नाही.

बराच वेळ तो नुसता बसून राहिला.
मग त्यानं काय केलं, मला नीट सांगता येणार नाही.
खांदे उतरले असतील. बूड जड झालं असेल.
एक सुस्कारा, तो मात्र मी ऐकला.
आणि उदूचा फाटका कान, बिजागरी गंजलेलं दार उघडावं तसा,
मागं वळला. त्याच्याकडे.

टाप, टाप, टाप, टाप. चार-चार.
बाई भिंतीशी मोजत होत्या; मानेवरून कळत होतं.
'एच'च्या कोपऱ्यावर चाराचे दोन झाले.
दुडकी!
आर्दो वेडावाकडा हिंदकळत होता आणि हसत होता,
दोन्ही हात हवेत, रिकामे.

त्यानं मागितली म्हणून दिली,
की उभं राहून उदूचे पाय गारठले,
की बाईंनी भिंतीकडे बघत श्वास घेतला होता,
कोण सांगणार? आर्दोनं कोटातून राईच्या पावाची कड काढली,
तिनं ती खाल्ली आणि त्याची बाही पुसायला वापरली.

मी दाताळं उचललं.
बाई अजून पाठमोऱ्याच होत्या.
"पुढच्या गुरुवारी तू बाहेर थांब," मला म्हणाल्या.
"तुझ्याकडे बघत होती ती."